घंटीवाले नाना आणि जावयाचा हिरा

जवळ ये बघू, चित्रा, कान धरायचाय तुझा. लेकीचा साखरपुडा ठरला, जावयाला अंगठी घ्यायची, आणि मावशीला काय पाठवायचं, तर दीड ओळीचा मेसेज! "मावशी, खाणीतला हिरा घेऊ का लॅबमधला?" अगं, भाजी का आहे ती? डोळे शिणलेत माझे, त्या इवल्या अक्षरांत उत्तर द्यायला जमत नाही. म्हणून वहीत लिहितेय. वाचताना मी शेजारी बसलेय असं समज. आणि मला हिऱ्यातलं काय कळतं? जे कळतं ते घंटीवाल्या नानांमुळे.

आमच्या गल्लीत नाना एकच असे होते, जे कुठलीही वस्तू डावा डोळा मिटून बघायचे. भरताचं वांगं असो, ज्वारीचा दाणा असो, नाहीतर माझ्या सुनेच्या हातचा लाडू. दोन बोटांत धरायचा, खिडकीकडे करायचा आणि डावा डोळा मिटायचा. सून म्हणायची, "नाना, लाडू आहे तो, खा की!" नाना म्हणायचे, "खास ना बेटा, पहिले देखू तरी दे."

मूळचे पाचोऱ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आधी सुरतला गेले आणि तीसेक वर्षं हिरे घासले. हिरा घासायच्या चाकाला तिकडे घंटी म्हणतात, त्यावरून हे नाव. घंटीवर वाकून वाकून उजवा खांदा खाली आलेला, डोळ्यांत कायम पाणी. बायको सुरतलाच वारली. मग तिथलं कामही बसलं, तेव्हा लेकीला, मंगलला घेऊन जळगावला आले. लाखांचे हिरे या हातांतून गेले, पण घरात एक खडा नाही. कुणी चिडवलं की म्हणायचे, "साखर कारखानाना माणूस काय गोड ऱ्हास का?"

गल्लीत कुणाला हिरा घ्यायचा असला, की आधी नानांना बाजारात न्यायचं, हा रिवाजच पडला. नाना दुकानात शिरले की खड्याकडे बघायचेच नाहीत. गिऱ्हाइकालाच विचारायचे, "घालाले का इकाले?" घालायला म्हटलं तर म्हणायचे, कारखान्यातला घे, म्हणजे तू म्हणतेस तो लॅबमधला. तोही हिराच, काच नव्हे. तेवढाच कठीण, तेवढाच चमकणारा, आणि किमतीत कितीतरी खाली. त्यांनी शेवटी शेवटी दोन्ही घासले होते. "घंटीवर दोन्हीसना आवाज एकच," म्हणायचे. पण अडीनडीला मोडू असं कुणी म्हणालं, की नानांचा चेहरा उतरायचा. आपल्याकडे सोनं मोडायची सवय ना, बायकांना वाटतं हिराही तसाच. नाना सांगायचे, खाणीतला विकायला नेला तरी घेतल्याइतकं हाती येत नाही, कारखान्यातला तर पुष्कळ दुकानं परत घेतच नाहीत. म्हणून आधी विचारा, परत कितीला घ्याल, आणि ते पावतीवर लिहून मागा. मोडायलाच हवं असेल तर सोनं घ्या बायांनो, हिऱ्याच्या नादी लागू नका.

मग मंगलचं धुळ्याला जमलं. मुलगा चांगला, शाळेत मास्तर. त्याची आई मात्र म्हणाली, हिऱ्यातल्या माणसाची मुलगी, तर जावयाला हिऱ्याची अंगठी हवीच. आणि खाणीतला, हे बोलायची गरजच नव्हती, ते धरलेलंच. नानांच्या ऐपतीत बसला तो कारखान्यातला. पावतीवर तसं स्पष्ट लिहिलेलं, खड्याच्या कडेलाही बारीक अक्षरं कोरलेली, पण ती भिंगाशिवाय दिसत नाहीत. मीच म्हटलं, "नाना, पावती ठेवा पेटीत आणि गप्प बसा. कोण ओळखतंय?" नानांनी पावती पेटीत ठेवली. मला वाटलं, पटलं.

साखरपुड्याला मुलाच्या मामाने खिशातून एक पेन काढलं. हिरा तपासायचं, सराफ्यातल्या दोस्ताकडून आणलेलं. "नाना, राग मानू नका हां, गंमत!" असं म्हणत अंगठीच्या खड्यावर टेकवलं. टूंऽ करून वाजलं, दिवा लागला. मामा ओरडला, "अस्सल! खाणीतला!" टाळ्या पडल्या. मंगलच्या तोंडावर रंग आला. मी देवाचे आभार मानले बाई, सुटलो म्हटलं.

आणि नाना उठले.

"मामा, ते पेन दोन्हीसवर वाजस. हाऊ हिरा कारखानामा बनेल शे. खोटा नही, पन खाणना बी नही."

मंडप गार झाला. मुलाची आई म्हणाली, "मग आमचा मुलगा काय कारखान्यातला जावई वाटला का?" मुलगा भला, त्याने तीच अंगठी घातली, सोयरीक टिकली. पण लग्नानंतर अंगठी डब्यात गेली आणि त्या घरात नानांचं नाव पडलं नकली नाना. मंगलला ते सोसेना. बापाचाच राग आला तिला. "पेन वाजलं होतं, तुम्हाला बोलायची काय गरज होती?" माहेरी येणं सणापुरतं झालं, मग तेही नाही. नाना ओट्यावर बसायचे, गाडीचा आवाज आला की डावा डोळा मिटून रस्त्याकडे बघायचे.

साखरपुड्याहून परतताना एरंडोलला चहाला गाडी थांबली होती. मंगल गाडीतून उतरलीच नाही. टपरीपाशी मी नानांवर चिडले, तेव्हा ते म्हणाले, "अक्का, कधी अडचण येई, त्या अंगठी मोडाले जातीन, दुकानदार सांगी. मंग पोरले बोलतीन, तुना बापनी फसाडं. त्यापेक्षा आज माले बोलू द्या."

गेल्या थंडीत नाना गेले. झोपेतच. तेराव्याला मंगल माझ्याकडे येऊन बसली. मग एरंडोलचं ते बोलणं मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "अक्का, इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

काय सांगू तिला? हे सांगायचं तर गप्प बसायचा सल्ला माझाच होता, तेही सांगावं लागलं असतं. त्या दिवशी तेही सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली.

तेव्हा चित्रा, कुठलाही घे. ऐपतीत बसेल तो घे, तुझ्या जावयाच्या बोटाला शोभेल तो घे. पण व्याह्यांना काय आहे ते तोंडाने सांग, मुलीच्या डोक्यावर ते ओझं ठेवू नकोस. आणि मेसेज पुरे झाले आता. थकलेय गं मी. दोन दिवसांची सुट्टी काढ, लेकीला घेऊन ये, लवकर ये.