उन्हात ठेवलेले सेल

पुतण्याचा फोन आला, "काका, आई झोपेतच गेली." ज्या बाईला मी कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही, ती झोपेत गेली, हे महिना होत आला तरी मला पटत नाही. लिहायला बसतो, उठतो, खिडकीशी जातो, परत येतो… वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "भावजी, माझी लागन झाली का काय तुमाला?"

ही गोष्ट एकाहत्तर सालची. राजूरजवळच्या आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. गोठ्यात चिमणी कलंडून वैरण पेटली. थोडक्यात निभावलं, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान काढलं, गोठ्यात विस्तव न्यायचा न्हाई. घरातली एकुलती बॅटरी दादा, माझा थोरला भाऊ, पाणी धरायला रानात नेई. आणि वहिनींची माहेराहून आलेली गाय व्यायला झाली होती. मागच्या खेपेला अंधारात वासरू अडकून मेलं होतं, ते त्यांच्या मनातून जाईना. दर घटकेला उठून गोठ्यात डोकावून येत. "मला दोनी हात मोकळं पायजेत. वर टांगायचा दिवा मीच करते," त्यांनी जाहीर केलं.

बाजारातून बॅटरीचा बल्ब आणि दोन सेल आणले, जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्याकडून तांब्याची चकचकीत तार मागून घेतली. वनस्पती तुपाच्या डब्याचं झाकण राखेनं घासून बल्बमागे बसवलं. दिवा काही लागेना. सेल उलटसुलट करून झाले, बल्ब हलवून झाला, मग शिव्या सुरू झाल्या. "मेल्यालं सेल दिलं त्या मुडद्यानं!"

कॉलेजातून सुटीवर आलेला मी म्हणालो, "वहिनी, तारेवर वार्निश असतं. टोकं खरवडा की."

त्यांनी विळीवर अशी काही खरवडली की निम्मी तार तुटून पडली. पण बल्ब लागला!

आणि इथंच घोळ झाला. दिवा गोठ्यात टांगून गप्प बसतील तर त्या वहिनी कसल्या? अख्ख्या वाडीत घरोघर जाऊन, लावून दाखवून आल्या. गाय अडली त्या संध्याकाळी दिव्यात नुसती लाल तार उरली होती, वासराचे पाय कुठले तेही दिसेना.

वहिनी ओसरीवर धावल्या. तिथं अण्णा रेडिओवर बातम्या ऐकत होते. त्या रेडिओला हात लावायची दादाचीही छाती नव्हती. वहिनींनी दिवा नुसता पुढं धरला. अण्णांनी रेडिओ बंद केला. मागचं झाकण उघडून सेल काढले.

"घे. आन् आता मिरवू नगं."

कालवड झाली, उभी राहिली. वहिनी तिच्या अंगावर हात फिरवत हमसून रडल्या. मलाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते थकलेले सेल ओट्यावर उन्हात मांडले. उन्हानं सेलात थोडी धुगधुगी येते, असं ते म्हणत. रागावले मात्र नाहीत. वहिनींनी सासऱ्याची तेवढी सवय उचलली ती जन्मभरासाठी.

तेराव्याला गेलो, तर त्यांच्या खोलीच्या खिडकीत रिमोटचे दोन सेल ठेवलेले. पुतण्या आवराआवर करत होता. "काका, हे संपलेत. टाकून देऊ?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो, "ऊन हाय अजून." आणि ते सेल दुसऱ्या अंगावर वळवून ठेवले.