प्रश्न कन्नडात, उत्तरं मराठीत

परदेशातल्या लॉ कॉलेजांना आपल्याकडून काय काय हवं असतं, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पदवीच्या गुणपत्रिका विद्यापीठाच्या मोहोरबंद पाकिटात, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा, कायदाच का शिकायचा यावर निबंध, आणि शाळेपासूनचे सगळे दाखले. जे इंग्रजीत नसतील त्यांचं अधिकृत भाषांतर. मी घाबरले होते निबंधाला. अडकले शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. आदल्या वर्षी मुदत गेली ती त्याच्यापायी, आणि यंदाही गेली तर हा नाद सोडायचा असं मी ठरवून टाकलं होतं. रागानं नाही, कंटाळून.

मी मूळची सदलग्याकडची. बेळगावात वकिली करते आणि खासबागेत भाड्याच्या खोलीत राहते. वकिली म्हणजे काय, तर अशील मराठीत रडतो, मी ते कन्नडात लिहून काढते, आणि प्रकरण वरच्या कोर्टात गेलं की तेच रडणं इंग्रजीत. संध्याकाळपर्यंत डोक्याचा भुगा होतो. वर्षभर एका जागी बसून नुसतं शिकावं, एवढीच माझी परदेशाची ओढ होती. मैत्रिणींना ती मोठी महत्त्वाकांक्षा वाटायची. मला ती रजा वाटायची.

तर तो दाखला. माझी शाळा मराठी, पण राज्य कर्नाटक. त्यामुळे दाखल्याचा छापील फॉर्म खात्याकडून आलेला, कन्नड. त्यात पेनानं भरलेली माहिती हेडमास्तरांच्या हातची, मराठी. जन्मगाव कोणतं हे कन्नडात विचारलेलं, गाव मराठीत लिहिलेलं. वर्तणूक कशी हे कन्नडात, आणि पुढं मराठीत 'चांगली'. आमच्या भागात याचं कुणाला काही वाटत नाही. बाजारातही एकजण कन्नडात भाव विचारतो, दुसरा मराठीत सांगतो, आणि वांगी पिशवीत पडतात.

चिकोडीत एक अधिकृत भाषांतरकार सापडले. अधिकार फक्त कन्नडचा. त्यांनी कन्नड मजकूर चोख इंग्रजीत उतरवला आणि प्रत्येक उत्तराच्या जागी 'अन्य भाषेतील मजकूर' असं लिहून शिक्का मारला. मी म्हटलं, साहेब, मघापासून आपण मराठीतच बोलतोय की. माणूस भला होता. म्हणाला, "बोलाय काय हुतंय बाई? बोलायला कोण सर्टिफिकेट मागत न्हाय."

मग निपाणीवरून कोल्हापूर. तिथल्या बाईंकडे मराठीचा अधिकार होता, पण कन्नड अक्षरं त्यांना अजिबात वाचता येत नव्हती. त्यांनी उत्तरं तेवढी इंग्रजीत करून दिली. बसमध्ये दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसले, तर एकावर नुसते प्रश्न आणि दुसऱ्यावर नुसती उत्तरं. एक ना धड, भाराभर चिंध्या. तरीही दोन्ही एकत्र स्कॅन करून, ज्या कॉलेजात अर्ज केला होता तिथं पाठवून दिले. उत्तर नम्र आलं. भाषांतर संपूर्ण हवं, आणि एकाच अधिकृत व्यक्तीनं केलेलं हवं. मला ते चहा थंड व्हायच्या आत करता आलं असतं, पण अर्जदारानं स्वतःचं भाषांतर करायचं नाही असा त्यांचा नियम. नियम रास्त होता. मीसुद्धा तोच केला असता.

शेवटी शाळेत गेले. आताच्या हेडमास्तरांनी चहा पाजला, कौतुक केलं, नवा दाखला द्यायलाही तयार झाले. पण नवा दाखला म्हणजे फॉर्म तोच. मग निदान इंग्रजीत एक पत्र द्या म्हटलं. ते अवघडले. शाळेबाहेर जाणारं पत्र कन्नडातच लागतं, म्हणाले, मी कन्नडात देतो, तुम्ही भाषांतर करून घ्या. मला हसू फुटलं. जरा वेळानं तेही हसले. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण पत्र निघून चिकोडीत त्याचं भाषांतर होईपर्यंत थांबायला माझ्याकडे पुरता आठवडाही उरला नव्हता.

खोलीवर येऊन मी त्या कॉलेजाला खुलासा लिहायला बसले. सुरुवात केली भाषावार प्रांतरचनेपासून. मग सीमेचा वाद, शाळांची माध्यमं, खात्याचे फॉर्म. तिसऱ्या पानावर लक्षात आलं की कुणीही न दिलेलं वकीलपत्र घेऊन मी भांडतेय. सगळं पुसलं. मान मोडून आली होती. उरलेल्या जिवावर एवढंच लिहिलं: "माझ्या गावात प्रश्न एका भाषेत विचारले जातात आणि उत्तरं दुसऱ्या भाषेत दिली जातात. दोन्ही समजणारी माणसं पुष्कळ आहेत. तसं लिहून देण्याचा अधिकार असलेलं कुणी मला सापडलं नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खुलासा पुरेसा आहे, अर्ज पूर्ण धरला आहे, आभार.

मला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची हयात मोर्चे आणि निवेदनं यात गेली, हेच सांगता सांगता. आणि तिकडे कुणीतरी, ज्याला बेळगाव नकाशावर दाखवताही आलं नसतं, चार ओळींवर मान्य केलं.

पुढं प्रवेशही मिळाला. ते सांगायला गावी गेले. वडील, आमचे आप्पा, म्हशीला वैरण टाकत होते. आप्पांना मराठी वाचता येतं, कन्नड येत नाही, आणि घरी येणारा प्रत्येक सरकारी कागद कन्नडात असतो. मी शाळकरी होते तेव्हापासून ते कागद मीच वाचून दाखवत आले. बेळगावला आल्यावरही आप्पा ते जपून ठेवत, मी गेले की पुढ्यात टाकत.

त्यांनी आधी किती दिवस ते विचारलं. मग जेवणाचं काय ते विचारलं. मग हात झटकत म्हणाले, "तिथं कालेजात, कोर्टात भाषा कुठली?"

"इंग्रजी."

"आन् दुसरी?"

"दुसरी न्हाय आप्पा. एकच."

ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "मग जा गं. दमलीस तरी एकाच भाषेत दमशील."

मला रडू आलं. आता घरी कागद आला तर तो कुणाकडून वाचून घेणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.