डॉक्टरकाकांना दिलेली तीन मिनिटं

माझ्या मुलीला घरात सगळे ‘फौजदार’ म्हणतात. नाव तिच्या आजोबांनी ठेवलं. अगदी लहान असताना ती दारात आडवी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायची. “कुठे चाललात? कधी येणार? मला का नाही सांगितलं?” समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत कुणाला चपला घालू द्यायची नाही. आता ती पस्तिशीची आहे, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, आणि प्रश्न अजून तेच विचारते. फक्त आता नगरपालिकेला आणि हॉस्पिटलला विचारते.

तिच्याबद्दल लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात जे झालं त्याच्या नाना गोष्टी आपल्या लोकांत फिरताहेत. कुणी म्हणतं पोरगी उद्धट आहे, कुणी म्हणतं तिला हॉस्पिटलच्या समितीवर जायचं होतं, जागा गेली म्हणून चिडली. मी तिथे होते. जे पाहिलं ते सांगते.

आम्ही या देशात आलो तेव्हा ती शाळेत होती. इथली भाषा तिने पटकन उचलली, आणि मग आपल्या माणसांना कागद वाचून दाखव, फोनवर बोलून दे, हे तिच्यामागे लागलं ते लागलंच. तिचं दुकान हॉस्पिटलच्या रस्त्यावर आहे. काउंटरला तिघेजण असतात, पण आपली माणसं रांग सोडून बाजूला उभी राहतात. “आम्ही थांबतो, त्या ताई मोकळ्या होऊ देत.” एकदा तिने घरी येऊन सांगितलं, एक आजोबा नातीला घेऊन आले होते. आजोबांना लघवीची तक्रार होती. हॉस्पिटलात नातच बोलली होती, आणि आजोबांनी तिच्यासमोर लाजून ‘पाय दुखतात’ एवढंच सांगितलं होतं. हातात गोळ्या पायदुखीच्या.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“नातीला चॉकलेट बघायला पाठवलं आणि आजोबांना विचारलं. आणखी काय करणार? रोज किती चॉकलेटं दाखवू?”

यातूनच त्यांचा शनिवारचा गट उभा राहिला. ती, एक वकील, एक हिशोबनीस आणि एक शिक्षिका. सगळी नोकरी-धंद्यातली शिकलेली माणसं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायची. कोणतं ऑफिस कशासाठी असतं, मत कसं द्यायचं, सभेत उभं राहून कसं बोलायचं, हे शिकवायची. बोलण्याची तर तालीमच असायची. फौजदार साहेब व्हायची आणि लोकांनी तिच्यासमोर तक्रार मांडायची.

एक निवृत्त काका दर वेळी सुरुवात करायचे, “सर्वप्रथम आपण आम्हाला बोलायची संधी दिलीत त्याबद्दल मनःपूर्वक...”

“काका, तीन मिनिटं आहेत. दोन तुमच्या आभारातच गेली.”

“अगं, पण आधी आभार नकोत? साहेब आहे तो.”

“साहेब नाही, नोकर आहे आपला. बोला, रस्त्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे?”

“तसा फार त्रास नाही म्हणा,” काका म्हणायचे आणि खोलीत हशा पिकायचा. आपल्या माणसांचं हेच. घरात दिवसभर कुरकुर आणि साहेबासमोर ‘तसं सगळं ठीक आहे’.

मशीनवाल्या मावशी या गटातच आमच्या ओळखीच्या झाल्या. त्या घरी शिवणाचं मशीन चालवतात, अर्ध्या गावाच्या पँटी आखूड करतात. इथली भाषा त्यांना ‘लांब’, ‘आखूड’ आणि ‘मंगळवारी या’ एवढीच येते. मागच्या वर्षी त्यांच्या छातीतली गाठ काढली. हॉस्पिटलात मुलगा बरोबर होता, सगळं तोच बोलला. आईला म्हणाला, साधी गाठ आहे, काढून टाकू. मावशींनी अंगठ्याएवढी सही केली आणि ऑपरेशनला गेल्या.

नंतर त्या गोळ्या घ्यायला दुकानात आल्या. औषध देताना ते कशासाठी आहे हे पेशंटला सांगायचं, हा फार्मासिस्टचा नियम आहे. माझ्या मुलीने सांगितलं, “मावशी, ही रोज घ्यायची, पाच वर्षं. आजार परत येऊ नये म्हणून.”

“पाच वर्षं? साध्या गाठीला?”

फौजदारच्या तिथेच लक्षात आलं, मावशींना कुणी खरं सांगितलेलंच नाही. तिने आपल्या तोंडाने काही सांगितलं नाही. मावशींना घेऊन परत हॉस्पिटलात गेली, डॉक्टरीणबाईंसमोर बसली आणि त्या बोलतील ते शब्दाला शब्द मावशींना सांगितलं. कॅन्सर होता. मावशी रडल्या नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, “गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायच्या आधी मी तीनदा विचारते. मला एकदाही कुणी विचारलं नाही गं.”

मुलावर त्या चिडल्या नाहीत. “त्याचं काय चुकलं? आईच्या तोंडावर असलं कुठला मुलगा सांगेल? सांगायला परकाच माणूस पाहिजे.”

हीच मागणी घेऊन गट हॉस्पिटलकडे गेला. पगारी, शिकवून तयार केलेले दुभाषे ठेवा. आजारी माणसाचं त्यालाच कळू दे, घरच्यांच्या गाळणीतून नको. हॉस्पिटलचं मंडळ पुढच्या वर्षाचं ठरवण्याआधी उघडी सभा घेतं. प्रत्येक समाजाचा एकच वक्ता, तीन मिनिटं. ठरलं असं की मावशी आपल्या भाषेत बोलतील आणि फौजदार सांगत जाईल.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तालीम चालली. दुभाष्याने ‘त्या म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे माझी मुलगी गंभीर चेहऱ्याने म्हणायची, “माझा मुलगा माझ्या वतीने बोलला.” आणि तिचे बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे. “तुला मुलगा झाला आणि आम्हाला कळवलंही नाहीस?” मावशी तोंडावर हात ठेवून हसायच्या.

आणि मग डॉक्टरकाका आले. हे आमचे घरचेच. हृदयाचे डॉक्टर, त्याच हॉस्पिटलात उभी हयात काढून निवृत्त झालेले. आपल्यातल्या कुणाचा श्वास जरा फुलला तरी पहिला फोन त्यांना. माझ्या नवऱ्याचं बायपास झालं तेव्हा दोन रात्री ते खुर्चीत बसून होते. फौजदारला त्यांनी सायकल शिकवली आहे.

“तू बोललीस तर एक दुकानातली मुलगी बोलली,” ते तिला म्हणाले. “मी बोललो तर त्यांच्याच घरचा माणूस बोलला. वजन पडेल. मला दे ती तीन मिनिटं.”

“बरोबर आहे,” माझा नवरा म्हणाला. “मोठ्या माणसाला पुढे केलं की काम होतं.”

मुलीने मावशींकडे पाहिलं. मावशींना सुटल्यासारखं झालं होतं. इतक्या लोकांत उभं राहायचं त्यांना आधीपासूनच नको होतं. “डॉक्टर बोलणार असतील तर सोन्याहून पिवळं,” त्या म्हणाल्या. “माझं सगळं सांगा. लपवू नका काही.”

“तुमचा शब्द न् शब्द पोचवतो,” डॉक्टरकाका म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले. मुलीने तिची सगळी टिपणं त्यांच्या हातात दिली.

सभा हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या सभागृहात होती. राखाडी गालिचा, घडीच्या खुर्च्या, समोर लांब टेबलामागे मंडळाची माणसं. मावशी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी त्यांचा मुलगा. आमच्या आधी दुसऱ्या एका समाजाची तरुण बाई बोलली. आवाज कापत होता, पण सांगितलं सगळं. मग डॉक्टरकाका उठले. हातात टिपणं नव्हती.

ते इथल्या भाषेत फार सुंदर बोलतात. मला समजत होतं, पण पहिल्या दोन वाक्यांत माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी मुलीकडे वळून पाहिलं. ती खुर्चीची कड घट्ट धरून बसली होती. मध्येच डॉक्टरकाकांनी मावशींकडे हात केला, मंडळाची माणसं मावशींकडे बघून हसली, मावशीही हसल्या. शेवटी टाळ्या पडल्या. सगळे वाजवताहेत म्हटल्यावर मावशींनीही वाजवल्या, अगदी मनापासून.

अध्यक्षबाई म्हणाल्या, इतकं समजूतदार भाषण फार दिवसांनी ऐकलं. या समाजाला दुभाष्यांची निकड नाही हे स्पष्ट झालं, तेव्हा जी सोय होईल ती इतरांसाठी होईल. आणि डॉक्टरांनी आमच्या सल्लागार समितीवर यावं ही विनंती. डॉक्टरकाकांनी मान झुकवली. समितीचं त्यांना आधीच ठाऊक असावं असं मला वाटलं.

बाहेर कॉफीच्या मशीनजवळ आम्ही सगळे एकत्र आलो. मावशींचा चेहरा फुललेला. “छान बोलले ना? माझ्याकडे हात केला तेव्हाच म्हटलं, आलं माझं. काय म्हणाले गं?”

मावशींचा मुलगा जमिनीकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं.

“हो, छान बोलले,” माझा नवरा घाईघाईने म्हणाला आणि मुलीची बाही ओढली. “चला, गाडी लांब लावलीय.”

“बाबा, त्यांनी मला विचारलंय.”

“आपण नंतर बोलू, बेटा,” डॉक्टरकाका म्हणाले.

ती मावशींसमोर उभी राहिली आणि तालमीत बोलायची तशी बोलू लागली. आवाज चढवला नाही, उतरवला नाही, आपलं काही घातलं नाही. “‘आमचा समाज शिकलेला आहे. आम्हाला दुभाष्यांची गरज नाही, ती ज्यांना खरी गरज आहे त्यांना द्या. आमच्यात आजारी माणूस एकटा नसतो, घर त्याच्या वतीने बोलतं. या समोरच्या बाई पाहा. याच हॉस्पिटलात त्यांचं मोठं ऑपरेशन झालं. मुलाने एकट्याने सगळं निभावलं आणि आईला काळजीची झळही लागू दिली नाही. आज त्या हसतमुखाने तुमच्यासमोर बसल्या आहेत.’”

डॉक्टरकाका एक पाऊल पुढे आले.

“अगं, भाषणात सूर वेगळा ठेवावा लागतो,” डॉक्टरकाका म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. “डॉक्टर, मी टाळ्या वाजवल्या हो.”

मग ते लाल झाले. “मावशी, तुम्हाला कल्पना नाही. मी इथे नवीन होतो तेव्हा पेशंट मला बघून म्हणायचे, खरा डॉक्टर बोलवा. ते पुसता पुसता माझं आयुष्य गेलं. आता मीच उभा राहून सांगू, की आमच्या माणसांना बोलता येत नाही?”

“तुमचं नव्हतं सांगायचं,” मावशी म्हणाल्या. “माझं होतं. माझं मी दिलं होतं तुम्हाला.”

घरी पोचून फौजदारने कोट खुंटीला लावला आणि बाबांना एवढंच विचारलं, “ते असं बोलणार हे तुम्हाला माहीत होतं?” नवरा ‘नाही’ म्हणाला. मला वाटतं खरंच माहीत नव्हतं. पण ती तशीच आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकाकांचा फोन. चारचौघांत पोरीने अपमान केला, तिला माफी मागायला सांगा. नवऱ्याचं बायपास त्या माणसाच्या ओळखीने झालं आहे, त्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं हे मला कळतं. त्याने मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “मी त्यांना उलट काय बोलले ते सांगा. एक शब्द दाखवा माझा. सगळे त्यांचेच होते.”

मला जास्त लागलं ते गटाचं. शनिवारी वकील म्हणाला, झालं ते झालं, आता समितीवर आपला माणूस आहे, आतून कामं करून घेता येतील. हिशोबनिसानेही मान डोलावली. शिक्षिका म्हणाली, मोठ्यांशी वाकडं घेऊन आपल्याला इथे कसं चालेल? ज्यांनी वर्षानुवर्षं लोकांना ‘साहेबाला घाबरू नका’ म्हणून शिकवलं, तेच हे. माझी मुलगी खोलीची किल्ली टेबलावर ठेवून आली. मी विचारलं, भांडलीस का? म्हणाली, “नाही गं. त्यांनी आधी माझे आभार मानले. बराच वेळ.”

ती हसली, पण गेले काही आठवडे ती नीट जेवत नाही. माझ्यासमोर जेवल्यासारखं करते.

उद्या सकाळी मावशींची तपासणी आहे. नवीन एक डाग दिसला आहे, तो काय आहे ते उद्या कळणार. मावशींनी मुलाला सांगून टाकलं आहे, तू बाहेर बस. आत माझी मुलगी जाणार आहे. सुट्टी टाकली आहे, निळा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आहे. डॉक्टरीणबाई जे सांगतील ते तिला मावशींच्या डोळ्यांत बघून सांगावं लागेल, आणि ‘मी’ म्हणून सांगावं लागेल. वाईट असेल तर तेही. एक शब्दही ती मऊ करणार नाही, मी ओळखते तिला.

हे काम परक्या माणसाचं होतं. ज्याला ते शिकवलेलं असतं, ज्याला त्याचा पगार मिळतो, आणि जो संध्याकाळी हात धुऊन आपल्या घरी जातो. असा माणूस उद्या त्या खोलीत असू शकला असता. त्याच्याऐवजी माझी पोर असणार आहे, जी मावशींना मावशी म्हणते. सकाळी मी तिच्याबरोबर जाऊन बाहेरच्या बाकावर बसणार आहे, मावशींच्या मुलाशेजारी. त्याच्याशी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.