दोन बोर्डांचा दिवा

तेजराम वायरमनला कामाला लावायचं म्हणजे आधी त्याचं बसणं सहन करावं लागे. हत्यारांची पिशवी न उघडता तो दोन दोन दिवस नुसता बसायचा, बिडी ओढायचा आणि लोक कुठून येतात, कुठून जातात ते बघायचा. १९८३ साली मोहाडीत सोसायटीच्या सभागृहात तो असा बसला, तेव्हा मी स्पष्टच विचारलं, "भाऊ, वायरिंग करायला आलात की मुक्कामाला?"

"बाई, तार तं कोनीबी ओढते. खोली कोनाची हाये थे आंधी पाहू द्या," तो म्हणाला.

खोली कोणाची, हाच तर तंटा होता. सभागृहाच्या मधोमध सागवानी पल्ल्यांचं घडीचं पार्टिशन होतं. लग्न असलं की पल्ले सरकवून एक मोठी खोली व्हायची. एरवी पुढच्या भागात सोसायटीच्या बैठका आणि मागच्या भागात माझा बायकांचा शिवणवर्ग. दिव्यांचा बोर्ड मात्र एकच, तोही पुढे. बैठक संपली की अध्यक्ष यादोराव सवयीने सगळी बटणं बंद करून निघून जात, आणि गोदामाला टेकलेल्या आमच्या खोलीत भरदुपारी सुई दिसेनाशी होई. मी भांडभांड भांडले, तेव्हा कुठे तेजरामला बोलावणं गेलं.

तो राइस मिलमध्ये मोटारी सांभाळायचा. शिक्षण सातवीपर्यंत. वडील गावतलावाचे पाणकर, म्हणजे कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते बघणारे. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्याभोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा. तेजरामचं डोकं तिथेच घडलेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने मला समजावलं, "पार्टिशन लागलं तं दोन बांध्या, आपापलं पानी. उघडलं तं धुरा फुटला, एकच बांधी. मंग पानी वरच्या बांधीवाल्याच्या हाती."

त्याने तसंच केलं. शेवटचा पल्ला चौकटीला भिडला की पल्ल्यावरची खुंटी चौकटीतलं खोल बटण दाबायची आणि मिलच्या जुन्या स्टार्टरमधून काढलेला कॉन्टॅक्टर, म्हणजे तारांची जोडणी आपोआप बदलणारा खटका, 'खट्' आवाज करायचा. मग पुढचे दिवे पुढच्या बोर्डावर, मागचे आमच्या नव्या बोर्डावर. पल्ला उघडला की आमचा बोर्ड मुका आणि सगळे दिवे यादोरावांच्या हाती. पहिल्या दिवशी मी तो पल्ला इतक्या वेळा उघडला आणि लावला की बायका हसायला लागल्या.

त्या बायकांत तेजरामची बायको धुरपताही होती. 'तेजरामनं बायकोला शिकू दिलं' असं लोक कौतुकाने म्हणत. खरं तर तिने आधी नाव घातलं आणि मग त्याला सांगितलं. अड्याळला नवा शिवणवर्ग निघणार होता आणि तिथली शिक्षिकेची जागा तिला हवी होती. पण त्यासाठी पस्तिशीच्या आत प्रमाणपत्र लागत होतं. धुरपताला पस्तिसावं पुरं व्हायला दोन महिने होते. परीक्षेची ही एकच संधी.

परीक्षा ऑगस्टमध्ये आली. तीन तासांत एक ब्लाउज बेतून, कापून, शिवून द्यायचा. आठवडाभराच्या झडीने सागवान फुगलं होतं. शेवटचा पल्ला चौकटीपासून चार बोटांवर अडकला, ना पुढे ना मागे. पण पुढे बैठक सुरू होती, दिवे लागलेले होते, त्यामुळे 'खट्' झालं नाही हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. अर्ध्या तासात बैठक आटोपली. यादोरावांनी बटणं बंद केली, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि तुमसरची एसटी पकडली.

मी व्हरांड्यात होते. वर्गशिक्षिकेने आत पाऊल टाकलं तर सगळ्यांची परीक्षा रद्द, असं परीक्षक बाईंनी बजावलं होतं. मागच्या दारातून मला दिसलं ते एवढंच, की अंधारात धुरपता उठली, लाकडी फूटपट्टी घेऊन पल्ल्याच्या फटीशी गेली आणि तिने पट्टीचं टोक बटणात रेटलं. खट्! मागचे दिवे लागले. तिने रीळ अडकवून पाहिलं, अस्तराची घडी कोंबून पाहिली. स्प्रिंग कडक, काहीच टिकेना. शेवटी ती पट्टी धरून उभी राहिली.

"तू काहून उभी हायेस वो? आन, मी धरतो," शेजारच्या मशीनवरची रुखमा म्हणाली.

"तुहं उरक आंधी. मंग धर."

रुखमाचा हात वर्गात सगळ्यांत चपळ, तरी तिला तास लागला. ती उठल्यावर धुरपता मशीनवर बसली. घंटा झाली तेव्हा तिच्या ब्लाउजला एक बाही नव्हती. बाकीच्या दहाही जणी पास झाल्या. अड्याळची जागा रुखमाला मिळाली. नियम मोडून मी आत का गेले नाही, याचा मला आजही संताप येतो.

यादोरावांनी फुगलेल्या लाकडाला दोष दिला. तेजरामने नाही दिला. दुसऱ्याच दिवशी तो आला, आणि या वेळी न बसता त्याने बोर्ड उघडला.

"बाबा पानी वरच्याच्या हाती देत, हे मले याद राह्यलं," तो तारा सोडवत म्हणाला. "पन खालच्याले इचारल्याबिगर वरच्याले वाट बुजवू देत नोहते. थे मी इसरलो, बाई." त्याचे डोळे भरले होते. त्याने नवी जोडणी केली. पार्टिशन उघडं असताना दिवे कोणत्याही बोर्डावरून लागायचे, पण विझायचे मात्र दोन्ही बोर्ड बंद केल्यावरच.

माझी पुढे बदली झाली. एकोणनव्वद साली मोहाडीला गेले, तेव्हा तेजराम-धुरपताकडे चहाला थांबले. एकच खोली, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा, पडद्याच्या बरोबर वर आढ्याला एकच बल्ब. अलीकडे तेजरामची खाट, पलीकडे धुरपताची मशीन. निघताना उन्हं अजून होती, म्हणून मी खाटेजवळचं बटण बंद केलं. दिवा विझला नाही. मला वाटलं बटण बिघडलंय. मी पुन्हा वर-खाली केलं.

तेजराम हसला. "तिनं तिकडून बंद केल्याबिगर थो विझत नाही, बाई."

पडद्यामागे मशीन चालूच होती. "राहू द्या, बाई," धुरपता म्हणाली. "माही एक बाही बाकी हाये."