तिसऱ्या बाकावरचे पणजोबा

इब्रामपूरच्या आमच्या घरी ओसरीवर एक जुनं छापील चित्र आहे. मोठं दालन, बाकांच्या रांगा, काळे कोट घातलेले पन्नासेक पुरुष आणि सगळे एकदमच बोलतायत. पोर्तुगीज गेले त्या वर्षी आजोबांनी ते कुठल्याशा कचेरीच्या अडगळीतून आणलं आणि सांगून टाकलं, की ही लिस्बनची संसद आणि तिसऱ्या बाकावरचे त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा. पणजोबा जमिनीचा अर्ज घेऊन लिस्बनला गेले होते म्हणे. त्यांचा फोटो घरात नव्हता, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

लहानपणी मी विचारलं होतं, पणजोबांनी धोतर का नेसलं नाही. "थंय थंड आसता," बाबा म्हणाले. विषय संपला.

दर वर्षी म्हाळाला, म्हणजे पितरांना वाडी, जेवणाचं वाढलेलं पान, दाखवायच्या दिवशी, हार अख्ख्या संसदेला आणि गंध फक्त पणजोबांना. एके वर्षी बाबांना वाटलं, काचेवर लावलेलं गंध कपाळाला पोचत नाही. जन्मभर डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवलेला माणूस, पान्हा काढला आणि काचच उतरवली. तेव्हापासून ओलं गंध थेट कागदावर. आधी पणजोबांचं नाक गेलं, मग डोळे. गेल्या वर्षी मानेवर नुसतं भोक उरलं. बाकीचे सभासद ठणठणीत.

"वाडी दाखवची कोणाक? भोकाक?" बाबा म्हणाले. मी हसलो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चूक माझीच. बाबांनी आपल्या आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. ते तोंड एवढंच त्यांच्याकडे होतं.

म्हणून मी पणजीहून जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई आणल्या.

"चेहरा कसा होता?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासारको," बाबा म्हणाले आणि मान ताठ करून बसले.

बाईंनी भिंग लावून खालची बारीक अक्षरं वाचली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण बाई सरळमार्गी.

"काका, हे लिस्बन नव्हे. इंग्रजांच्या वेळचं, कॅनडातलं विधिमंडळ आहे. हे छापलं तेव्हा तुमचे आजोबा जन्मलेही नसतील."

बाबांनी त्या भोकावर बोट ठेवलं. मला बाईंचा नाही, माझाच राग आला. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे इतकीं वर्सां आमचो आजो उपाशी?"

यंदा म्हाळाला दोन पानं वाढली. कॅनडावाल्याला अर्ध्यावर सोडायला बाबा तयार नव्हते. भटजींनी त्याचं गोत्र विचारलं. ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं असतं, तसं काश्यप म्हटलं आणि पुढे गेले.

दोन्ही वाड्या परसात ठेवल्या. कावळा आला, कॅनडाच्या पानावरचा वडा उचलला आणि माडावर जाऊन बसला. पणजोबांच्या पानाला कोणी शिवेना. दुपार कलली. आम्ही सगळे उपाशी.

शेवटी बाबा पानासमोर हात जोडून उभे राहिले.

"आज्या, चुकलंय मी. पण माका तुजां तोंडच म्हायत ना. कोणासारको होतस तू?"

कावळा खाली उतरला, पानाजवळ थांबला आणि मान वाकडी करून बाबांकडे बघत राहिला. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, त्याला नीट दिसावं म्हणून.