आईच्या उघड्या खिडक्या

आउने पेल्कोनेन ही फिनलंडमधल्या सावोनलिन्ना गावची तिखट जिभेची बाई. सारी हयात औषधांच्या दुकानात गेली, आता निवृत्त. गावाच्या फेसबुक गटावर कुणी खोटंनाटं टाकलं की हिची बोटं शिवशिवलीच! असायची बरोबरच म्हणा, पण "अक्कल गहाण टाकलीय का?" अशी सुरुवात केल्यावर पुढचं शास्त्र कोण कपाळ वाचणार?

मे महिन्यात रानात कोरवासिएनी उगवली. ही सुरकुतलेली अळंबी न उकळता खाल्ली तर जीव घेते. दोनदा उकळून, दोन्ही वेळचं पाणी फेकलं की मेजवानी. अशात कुणा दाढीवाल्याचा व्हिडिओ फिरला: विषबिष काही नसतं, सरळ लोण्यात परता नि खा. आउनेच्या धाकट्या भावानं, ताउनोनं, तो हौसेनं गटावर टाकला. हिनं त्याला चारचौघांत गाढव म्हटलं, वर विषाचं लांबलचक रासायनिक नाव फेकलं. त्यानं हिचा फोन घेणंच सोडलं.

ताउनोची नात शाळेची शेवटची परीक्षा पास झाली. त्याच्या घरच्या त्या समारंभाला आउने न बोलावता गेली. अंगणात पाहुणे, आणि स्वयंपाकघरात ताउनो! कढईत लोणी तापलेलं, शेजारी कच्च्या अळंबीची टोपली. "मूर्खा" हिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"ताउनो, आई ही उकळायची तेव्हा आपल्याला कुठं पिटाळायची रे?"

"बाहेर. खिडक्या सताड उघड्या टाकायची. वाफ वाईट म्हणायची."

"विष पाण्यात उतरतं आणि वाफेतून उडतं. म्हणून पाणी फेकायचं, म्हणून खिडक्या उघड्या. एवढंच."

ताउनोनं शेगडी बंद केली.

"एवढंच? मग हे लिहिलं का नाहीस, बये?"

"लिहिलं होतं की!"

"मला गाढव तेवढं कळलं."

तो तिथंच बसला आणि त्यानं गटावर लिहिलं: आज मी माझ्या हातानं नातीला विष वाढणार होतो. मग आईच्या खिडक्यांचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावानं ते एकमेकांना पाठवलं.

आउनेनं ते पुन्हापुन्हा वाचलं. "माझं नाव नाही घातलंस ते?"

"घातलं असतं," ताउनो हळूच म्हणाला, "तर कुणी वाचलं असतं का गं?"

आउनेला ते लागलं. फार लागलं. पण नात जेवत होती, आणि या खेपेला तिला उलटून काही बोलावंसं वाटलं नाही.