घडीवरचं अक्षर

सरांनी दार उघडलं आणि माझं नाव ऐकून हिंदीत विचारलं, "आपको मोडी क्यों सीखनी है?"

मी म्हटलं, "सर, मी मराठीच बोलते. घरीही."

ते जरा ओशाळले. "हो का? या, आत या," म्हणाले. पुढचे कितीतरी रविवार ते मला 'तुम्ही' म्हणत राहिले.

सर गाझियाबादला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरच्या पुढे. माझ्या माहितीत दिल्लीच्या आसपास मोडी वाचू शकणारे तेवढे एकच गृहस्थ होते. मी पीएचडी करत होते. विषय होता आमच्या मूळ गावच्या दर्ग्याचा इतिहास. गाव पश्चिम महाराष्ट्रात. अब्बा नोकरीसाठी दिल्लीला आले, मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. दर्ग्याची व्यवस्था पाहणाऱ्या मुजावरांच्या घरात जुन्या कागदांचं एक गाठोडं होतं. त्यांनी मला त्याचे फोटो काढू दिले. सगळे कागद मोडीत. मला त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं.

दीड वर्ष दर रविवारी सकाळी मी मेट्रो बदलत गाझियाबादला गेले. मोडीत शब्द सुटे नसतात. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं न थांबता लिहीत जायची. कुठला शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. सर माझ्याकडून एकेक ओळ मोठ्याने वाचून घेत. चुकलं तर चूक सांगत नसत, नुसतं "पुन्हा" म्हणत. काकू स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि मी दमले की पोहे आणून ठेवायच्या. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. नेमकं कधी, ते मला आठवत नाही.

एका रविवारी माझ्या सगळ्या प्रबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ समोर आली. अमुक दिवशी कबरीवर पहिला गलेफ, म्हणजे चादर, गावच्या पाटलाच्या घरचा चढेल, असं तिच्यात होतं. दिवस कोणता, तो शब्द मात्र कागदाच्या घडीवर आलेला. मधल्या अक्षराची शाई उडालेली, खालचा फाटा तेवढा पुसट उरलेला. त्या कारकुनाचे ल आणि ळ तर सारखेच दिसत.

"संबळाच्या दिवशी," सर म्हणाले. "देवीच्या जत्रेत संबळ वाजतो. त्या दिवशी पाटील दर्ग्यालाही मान देत असणार."

"सर, संदलाच्या दिवशी असेल. उरुसाच्या आदल्या दिवशी संदल निघतो आमच्याकडे. चंदन उगाळून, ताटात घेऊन, वाजतगाजत. आजही पहिला गलेफ पाटलांचाच असतो. मी लहानपणी पाहिलंय."

"आजचं पाहून कालचं वाचायचं नाही," सर शांतपणे म्हणाले. "तुला जे हवंय ते तू वाचते आहेस. कागदात काय आहे ते दाखव."

मला फार लागलं. परतीच्या मेट्रोत मी स्वतःशीच भांडत होते. घरी अब्बांना सांगितलं, तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "बरोबर बोलले ते. उद्या आणखी कोणी विचारलं तर काय, लहानपणी पाहिलंय असं सांगणार आहेस?"

मग मी ते सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. जे आधी बिनमहत्त्वाचे म्हणून बाजूला ठेवले होते तेही. दोन महिने गेले. एका कागदात मुजावरांच्या दोन भावांचा तंटा सापडला. संदलाचं ताट कोणी धरायचं आणि संदल कोणी उगाळायचा, यावरून वाद. अक्षर त्याच कारकुनाचं, शब्द ओळीच्या मधोमध, स्वच्छ.

रविवारी दोन्ही कागदांच्या मोठ्या प्रती काढून सरांपुढे ठेवल्या. त्यांनी भिंग घेतलं. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मधल्या अक्षराचा तो उरलेला फाटा दोन्हीकडे अगदी तेच वळण घेत होता. मग काकूंना हाक मारली. "अगं, ऐकलंस का? संबळ काही कोणी उगाळत नाही. हिचं बरोबर आहे." आणि आपल्या वहीतलं स्वतःचं वाचन खोडून त्यांनी वर 'संदल' लिहिलं.

विद्यापीठातल्या चर्चासत्रात मी या कागदांवर निबंध वाचला तेव्हा सर अब्बांबरोबर मागच्या रांगेत बसले होते. वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, दर्ग्याचा इतिहास लिहायचा तर फारसी कागद पाहायला हवेत, गावच्या मराठी कागदांना काय वजन?

मी म्हटलं, "या दर्ग्याचे मानपान, भांडणं, हक्क सगळं मराठीत लिहिलं गेलंय. मुजावरांनी फिर्याद मराठीत केली, निवाडाही मराठीत घेतला. त्यांनी जी भाषा आपली मानली तिच्यातच मला त्यांना शोधायचंय."

मग कोणीतरी 'संदल' या शब्दाच्या वाचनाबद्दल शंका काढली. मी उत्तर देण्याआधी सर उभे राहिले. हिंदीत, सावकाश बोलले, "तो शब्द मी चाळीस वर्षांच्या अनुभवावर चुकीचा वाचला होता. माझ्या विद्यार्थिनीने पुरावा आणून मला दुरुस्त केलं. तिचं वाचन पक्कं आहे." आणि खाली बसले.

अब्बा टाळ्या वाजवणाऱ्यांतले नाहीत. तेव्हाही वाजवल्या नाहीत. नुसते ताठ बसून राहिले. बाहेर चहाच्या टेबलापाशी मात्र एका अनोळखी माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगताना मी ऐकलं, "हमारी बेटी है. मोडी पढ़ती है." त्या माणसाला मोडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अब्बा त्याला बाजूला घेऊन, कागदी रुमालावर आडवी रेघ ओढून समजावून सांगू लागले.